मांडीवरचं मीठ

तकोवा. बदाम फुलण्याच्या महिन्याचा बारावा दिवस.

सिब्याला हमुटलचं क्षेमकुशल. तू, तुझ्या घरची माणसं, तुझ्या शेळ्या, सगळी धडधाकट असतील असं धरून चालते. विचारलं असतं तरी तू कुठं सांगणार होतीस!

मनुका परत पाठवल्यास. मडक्याच्या तोंडावरचा मातीचा शिक्कासुद्धा फोडला नाहीस. अगं, विष कालवलं होतं का मी त्यात? वरच्या मळ्यातली काळी द्राक्षं, गच्चीवर माझ्या हातानं वाळवलेली. माशा हाकून हाकून खांदा धरला माझा. गेरा गाढववाला सांगतो, "मी तुमचं नाव घेतलं. बाईनं मडक्याकडं बघितलं, हात पुसले आणि म्हणाली, परत ने." एवढंच? एकोणीस वर्षांनी मी काही धाडलं, आणि 'परत ने'? दारात आलेल्या भिकाऱ्यालाही माणूस दोन शब्द जास्त बोलतं.

आणि तो गेरा! उतरवताना मडकं माझ्याच उंबऱ्यावर आपटलं त्यानं. मनुका शेळ्यांनी खाल्ल्या. खापऱ्या राहिल्या, त्यांवरच हे लिहिते आहे. काजळीत डिंक खलून शाई केली. अक्षर वाकडं येतंय, चालवून घे. बापाच्या भट्टीवर मडक्यांच्या कानांना खुणा करायला शिकले, तेवढीच माझी विद्या. तेवढीच मी तुला पाट्यावरच्या पिठात बोटानं गिरवून शिकवली. दळता दळता. तू माझ्यापेक्षा लवकर शिकलीस, त्याचाही मला राग आला होता.

इकडची हकिगत सांगते. धनी गेल्या हिवाळ्यात गेले. खोकला छातीत उतरला, आठ दिवसांत आटोपलं. माझे गुडघे गेलेत. शेजारची हेला अजून जिवंत आहे आणि अजून सगळ्यांच्या चुलीत डोकावते. तिर्सा बावीस वर्षांची झाली. हलहूल गावात दिली तिला, चार वर्षं झाली. उंच आहे. रागावली की गप्प बसते. कपाळ तुझं आहे तिला. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे, बोलले तर कधीच नाही.

तिला मूल नाही. दोन वर्षं वाट बघितली, मग सासूची कुजबुज सुरू झाली, मग जावई जेवताना बोलेनासा झाला. शेवटी तिर्सानंच आपली दासी त्याला दिली. अटारा नाव तिचं. पंचविशीची, दणकट, हसरी, जिभेला धार. आता अटाराला दिवस भरत आलेत. येत्या चंद्राच्या पहिल्या पंधरवड्यात कधीही होईल.

ही खापरी भरली. दुसरी घेते.

मागच्या आठवड्यात तिर्सा तिला घेऊन माझ्याकडं आली. येताच म्हणाली, "आई, मला बसायला शिकव."

"कुठं बसायला?"

"अटाराच्या पाठीशी. तू माझ्या वेळी बसली होतीस तसं, म्हणजे बाळ माझ्या मांडीवर होईल आणि माझं ठरेल. सासूच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. गावातही नाही. सगळ्या म्हणतात, तुझ्या आईला विचार, तकोव्याच्या हमुटलच्या मांडीवर पोर झालं होतं."

मी म्हटलं, "त्यात शिकायचं काय? तिवई घ्यायची आणि बसायचं."

पण ऐकेल तर ती तिर्सा कसली. अंगणात तिवई मांडली, स्वतः बसली, गुडघे फाकवले आणि अटाराला पुढ्यात विटांवर टेकवलं. अटारा रेलली. "अगं बाई," अटारा म्हणते, "मालकिणीची हाडंच हाडं! मला टोचतायत. जरा खात जा." तिर्सा हसली, मीसुद्धा हसले. हेला कुंपणावरून बघत होती, ती ओरडली, "हमुटल, नीट सांग गं पोरीला! तुला काय, तू तर एकदा केलंयस!"

मग तिर्सानं विचारलं, "हात कुठं ठेवायचे, आई? काखेतून धरायचं की पोटावर?"

मी म्हटलं, "पोटावर."

अटारानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "मोठ्या बाई, पोटावर कोण धरील? पोटावर धरलं तर मी ढकलू कशी?"

"मग काखेतून," मी म्हटलं. "किती वर्षं झाली. विसरले."

"असलं कोणी विसरतं का?" अटारा बोलली. हसतच बोलली. पण बघत राहिली.

निघताना तिर्सानं आणखी एक मागितलं. "तो झगा दे, आई. मी झाले तेव्हा तुझ्या अंगावर होता तो. डागासकट दे, धुऊ नकोस. तो घालून बसेन मी."

मी म्हटलं, "पेटीच्या तळाशी असेल. शोधून ठेवते. नव्या चंद्राला येशील तेव्हा ने."

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी मी मनुकांचं मडकं भरलं. आता कळलं का? उगाच नाही पाठवल्या. पण चिठ्ठी जोडायला हात धजला नाही. वाटलं, तू मनुका खाशील, माझ्यावरचा राग थोडा उतरेल तुझ्या पोटातला, मग विचारू.

—

तेरावा दिवस. काल इथंच थांबले. डोळे पाणावले होते, धुरानं.

दुपारी मी गच्चीवर बसते हल्ली. काम फारसं नसतं. खाली उतारावर बदाम फुलले आहेत, पांढरे, आणि त्यांच्यापलीकडं डोंगर उतरत उतरत जातात, खरवडलेल्या कातड्यासारखे, आणि अगदी शेवटी क्षार-समुद्राची पट्टी दिसते. पाणी आहे असं वाटत नाही. कुणीतरी निळा धूर जमिनीवर अंथरून ठेवलाय असं वाटतं. त्या धुराखाली कुठंतरी एन-गेदी, त्यात खजुराचे मळे, त्यात तू. मला वाटतं तू धुराखाली चालतेस, धुराखाली बसतेस, वर बघतेस तर तुला माझा डोंगर ढगासारखा दिसत असेल. बघता बघता डोळा लागतो. आणि मला एकच दिसतं. माझ्या मांडीवर काहीतरी आहे. जड आणि ऊबदार. मी खाली बघत नाही. बघितलं तर नाहीसं होईल हे मला झोपेतही ठाऊक असतं. मी हात तेवढा ठेवते त्यावर, आणि हाताला दाणेदार लागतं, वाळूसारखं. जागी होते तेव्हा मांडी रिकामी आणि दोन्ही पाय बधिर. जिना उतरताना मी भिंतीला धरून उतरते.

त्या दिवशीही दुपारच होती, नाही का?

पूर्वेचा वारा सुटला होता. तीन दिवस. हवा पिवळी झाली होती, माणसं त्या पिवळ्यातून मासे पोहावेत तशी हळू हळू जात होती. तुला सकाळपासून कळा येत होत्या. सरूवा सुईण आली, तिनं विटा मांडल्या, मला म्हणाली, "हमुटल, झगा बदल आणि तिवई आण." मी झगा बदलला. पांढरा, कोरा. तिवई आणते म्हणाले आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

मळ्यातल्या टेहळणीच्या बुरुजावर जाऊन बसले. ही गोष्ट तुला ठाऊक नाही. तू समजत असशील मी पाणी आणायला गेले होते. सरूवाला मी मागून तसंच सांगितलं. पाणी नाही, काही नाही. चाती घेतली होती हातात. सूत कातत बसले. कोल्ही पळवायचे दिवससुद्धा नव्हते ते, द्राक्षं कुठं होती अजून!

का गेले म्हणून विचारशील. तुझं पोट वाढत होतं ते महिने आठव. मी रोज हात ठेवायचे. हक्कच होता माझा. आणि माझा हात पडला की ते आतून हलायचं, आणि तू हसायचीस. माझ्याकडं बघून नाही. स्वतःशी. त्या हसण्यात मी नव्हते. धनीही नव्हते. मला वाटलं, हिला धन्यांना मी दिली, हिच्या पोटातलं माझं, आणि ही हसते मात्र एकटी. तुला धन्यांकडं पाठवलं तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं. चुलीपाशी सांगितलं, "आज आत जा," आणि तू हातातलं पीठ झटकलंस. तेव्हा तू हसली नव्हतीस, ते मला चाललं. आता हसत होतीस, ते चालेना.

बुरुजावर ऊन नव्हतं, नुसता पिवळा उजेड. माझा डोळा लागला. स्वप्न पडलं की वेलींच्या ओळींतून एक मुलगी चालत येते आहे, चांगली मोठी, पाच-सहा वर्षांची, आणि मला म्हणते, "मी आले. कुणाला बोलवायची गरज नाही." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! कुणाच्या पोटातून नाही, वेलीतून आली.

झोपले होते हे खरं आहे. पण आधी झोपले नव्हते. सिब्या, मी तुझी हाक ऐकली. तीनदा. "बाई" म्हणालीस दोनदा, आणि तिसऱ्यांदा माझं नाव घेतलंस, नुसतं नाव, जसं माझी आई घ्यायची. मी सूत कातत राहिले. मग हाक यायची थांबली, मग झोपले.

बस. लिहिलं.

उतरून आले तेव्हा सगळं झालं होतं. तू हातमागाच्या खांबाला पाठ लावून बसली होतीस, तुझे केस खांबाला चिकटले होते. बाळ तुझ्या छातीवर. नाळ कापलेली. धुतलेलं, रीतीप्रमाणं तेलमीठ चोळलेलं, नुसतं गुंडाळायचं राहिलेलं. सरूवा म्हणाली, "कुठं मेली होतीस गं? हिला धरायला कुणी नाही, मी पुढून बघू की मागून?" मग तिनं बाहेरचा आवाज ऐकला. बाया येत होत्या, हेला पुढं. सरूवानं क्षण घालवला नाही. माझा खांदा दाबून मला तिनंच आणून ठेवलेल्या तिवईवर बसवलं, बाळ तुझ्या हातातून काढलं, माझ्या मांडीवर टाकलं आणि मोठ्यानं ओरडली, "झाली! हमुटलच्या मांडीवर मुलगी झाली!"

तू सोडलंस. ओढून धरलं नाहीस. मला अजून ते कळत नाही. तू एक शब्द बोलली असतीस तर ती तुझी होती. बायका दारात होत्या. नुसतं म्हणायचं, ही इथं नव्हती. खांबाकडं बोट दाखवायचं. तू डोळे मिटलेस.

मी नाव ठेवलं. धनी आत आले, म्हणाले, "मुलगी? असू दे." बाया गायल्या. सगळ्या गेल्यावर मी झगा उतरवला. त्यावर रक्ताचा ठिपका नव्हता. मीठ होतं. मांडीच्या जागी पांढरी पांढरी कचकच, तेलात घट्ट झालेली. मी तो घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवला. बावीस वर्षं कुणी मागितला नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. तीन वर्षं तू अंगावर पाजलंस. दूध तोडायच्या जेवणाला बकरा तूच शिजवलास, चांगला शिजवला होतास. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एन-गेदीच्या खजुरवाल्याच्या गाढवावर मी तुला बसवलं. "नवरा करून देते, मोकळी करते," म्हणाले. गावाला वाटलं, हमुटलचं मन केवढं मोठं! मी तुला मोकळं केलं नाही, घालवलं. पोरीला ताप आला की ती उठून तुझ्या चटईवर जायची. तेवढंच कारण. आणि तू कधी ना कधी बोलशील ही धास्ती. पोरीला सांगितलं तू पाणी आणायला गेलीस. ती किती दिवस विहिरीकडं तोंड करून बसायची ते तुला सांगत नाही. तुला कळून काय करायचंय? सांगते. द्राक्षं पिकेपर्यंत.

—

चौदावा दिवस. ही शेवटची मोठी खापरी आहे, यानंतर बारीक चुरा.

तिर्सा झगा मागते म्हणून मी पेटी उघडली. मीठ तसंच होतं. आणि मी काय केलं ऐक, आणि हस हवं तर. एक पारवा मारला आणि त्याचं रक्त झग्यावर लावलं. बावीस वर्षांचा डाग असा लालभडक असतो का? मला समजायला हवं होतं, जन्मभर कपडे धुतलेत. कुणी चोरून कोंबडं कापावं तसं दिसत होतं ते. घाबरून झगा पाण्यात घातला. चोळला. रक्त गेलं. आणि मग पिळताना लक्षात आलं, मीठही गेलं. आता तो झगा दोरीवर वाळतो आहे, पांढरा, कोरा, जसा त्या सकाळी पेटीतून काढून घातला होता तसा. त्या दिवसाचं एवढंच काय ते उरलं होतं, तेही मी माझ्या हातानं धुतलं. सरूवा मरून दहा वर्षं झाली. आता जे काही उरलं ते तू आणि मी.

पण खरी अडचण झग्याची नाही. हेही मी काल लिहायचं टाळलं.

दोघी आल्या होत्या त्या दिवशी तिर्सा मेंढ्या बघायला खाली गेली होती. अटारा माझ्याजवळ बसून मसूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मोठ्या बाई, त्या बाईचं पुढं काय झालं?"

"कुठल्या बाईचं?"

"जिनं तिर्साबाईंना जन्म दिला. तिचं."

"तिला मोकळी केली. लग्न लावून दिलं."

"ते गावाला ठाऊक आहे. मी विचारते, तिचं काय झालं? ती बरी आहे का? तिला नंतर मुलं झाली? पोरीची आठवण येते का तिला? तुम्हाला कधी काही कळवलं?"

मी म्हटलं, "तू मसूर निवड."

"निवडते," अटारा म्हणाली. "पण ऐकून ठेवा. तिर्साबाई वाईट नाहीत. मी बाळ देईन त्यांच्या मांडीवर. मला कुणी विचारलं नाही, तरी देईन. पण आधी मला कळलं पाहिजे की देणारीचं पुढं काय होतं. नाही सांगितलंत तर मी वेळ येताच डोंगरात भावाच्या मेंढवाड्यावर जाईन, मेंढ्यांत होईल तसं होईल. तिथं कुणाची मांडी नाही नि काही नाही. मग बाळ माझं."

ती बोलते तसं करणारी आहे, मी डोळे बघितलेत तिचे. आणि ती गेली तर माझ्या तिर्साचं काय? सासूनं दुसरी सून हेरून ठेवली आहे, जावयाच्या मामाचीच पोर. तिर्साला ते लोक चुलीमागं ढकलतील. माझी तिर्सा. आपली म्हणू का? लेखणी अडते आहे, पण म्हणते. आपली तिर्सा.

अटाराला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, आणि सिब्या, माझ्याकडं काहीच नव्हतं. तू जिवंत आहेस एवढंही आत्ता गेराकडून कळलं. बाकी काही नाही. एकोणीस वर्षं तुझ्या धुराकडं बघत बसले आणि एक निरोप धाडला नाही. मी तिला खोटं सांगू शकले असते. सुखात आहे, पाच लेकरं आहेत, खजूर खाते. जिभेवर आलं होतं. पण ती बघत होती, तू बघायचीस तशी, आणि खोटं मला जमलं नाही. इतकी वर्षं जमत होतं.

म्हणून आता सरळ विचारते. तिर्साला सगळं सांगू का? बुरूज, हाक, मीठ, सगळं? तू हो म्हणालीस तर तिला आणि अटाराला समोर बसवून सांगेन, हेला कुंपणावर असली तरी सांगेन. मग ती स्वतःला तुझी म्हणाली तर तुझी. नको म्हणालीस तर गिळेन आणि मरेन, मला जड नाही. ठरवायचं तू. तेव्हा विचारलं नव्हतं, आता विचारते.

आणि तिर्सा अटाराच्या पाठीशी बसेल तेव्हा हात कुठं ठेवावेत? मला माहीत नाही. तुला माहीत असेल, कुठं हवे होते ते.

माफ कर असं लिहिणार होते. मला ते नीट लिहिता येत नाही, बापानं मडक्यांवर कधी ते काढलं नव्हतं. तू आपलं लिहिलंय असं समज. राग असेल तर राग लिही. शिव्या लिही, मला वाचता येतात.

यायचं मनात आलं तर ये. चढ अवघड आहे, तरी गेराच्या गाढवावर बसून येता येईल. मी गच्चीवरून बघेन. नसेल यायचं तर लिही. पण अटाराला सांगायला मला पोकळ शब्द नकोत, तुझेच हवेत. तुला पुढं मुलं झाली का? जगली का? त्यांच्यापैकी कुणाला तू आपल्या मनानं नाव ठेवलंस का? आणि ती होताना, सिब्या, तुझ्या पाठीशी कोण बसलं होतं?

नव्या चंद्राच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवं. त्यानंतर नको. दुसऱ्या दिवशी ती पोर माझ्यासमोर बसणार आहे.

हमुटल